एकशेऐंशी खांब

धम्मपालनं पाठीवरची सॅक न उतरवताच खाली वाकून कठड्याच्या खांबावर हातोडी मारली आणि कान लावला. टण्. खणखणीत. तो पुढच्या खांबाकडे सरकला.

समोर भूमध्य समुद्र होता. फ्रान्सच्या या किनाऱ्यावर उन्हाळ्यात जगभरचे बडे लोक येऊन पडतात. आता नोव्हेंबर होता. हॉटेलांची दारं बंद, खुर्च्या एकावर एक रचून बांधलेल्या, वाळूवर चिटपाखरू नाही. एवढा समुद्र समोर पसरलेला आणि हा गडी मान वर करेल तर शपथ. तीन दिवस तो गावामागून गाव धरत होता, कधी रेल्वेनं, कधी चालत. सॅकमध्ये दोन जोड कपडे, पाव, आईनं दिलेली चटणी आणि ही हातोडी.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो माल तपासायच्या कामावर होता. नवं मशीन शिकायला कंपनीनं त्याला इटलीत पाठवलं होतं. काम संपल्यावर त्यानं चार दिवसांची रजा मागितली. साहेब फोनवर हसले, म्हणाले, फिर की लेका, तुझं वय हाय. घरीदारी सगळ्यांना वाटलं, गडी मजा मारायला गेलाय. कसली मजा आणि कसलं काय!

समुद्राकाठच्या या कठड्याचे खांब शिरोलीतच ओतलेले होते. तीन वर्षांपूर्वी चार गावांसाठी एकशेऐंशी खांब गेले होते. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबाला आतून तडा गेला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. हातोडी मारली की कळतं. चांगला खांब खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. माल गाडीत भरायच्या आधी प्रत्येक खांब ठोकून बघायचा, हे काम धम्मपालचं. आणि त्या दिवशी त्यानं एकही खांब ठोकला नव्हता.

तो दिवस चौदा एप्रिलचा. संध्याकाळी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक आणि मंडळाचा अध्यक्ष हाच. ट्रॅक्टर सजवायचा राहिलेला, पोरं सारखी फोन करतायत, आणि माल तर आजच जायला हवा. त्यानं सगळ्या खांबांवर खडूनं बरोबरच्या खुणा केल्या, कागदावर सही हाणली, निळा फेटा बांधला आणि पळाला. एवढ्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं होतं.

पुढं गिऱ्हाइकानं कठड्याचे फोटो पाठवले. एका फोटोत दोन बारक्या पोरी कठड्याला रेलून आइस्क्रीम खात होत्या. खाली वीस फुटांवर खडक. तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना त्या पोरी दिसायच्या, मिरवणुकीत नाचताना दिसायच्या. पण सांगणार कुणाला? नोकरी जाईल हे एक. आबांना कळेल, ते त्याहून वाईट. त्याचे वडील, गणपतीआबा, तीस वर्षं त्याच फाउंड्रीत साचे भरत होते आणि गेल्याच वर्षी घरी बसले होते. आवाजावरनं लोखंड ओळखायला त्यांनीच पोराला शिकवलं होतं.

तिसऱ्या गावात पोलिसानं अडवलं. त्यानं हातोडीकडे बोट दाखवलं.

"टुरिस्ट," धम्मपाल म्हणाला.

पोलिसानं त्याच्याकडं बघितलं, खांबाकडं बघितलं, स्वतःच्या कपाळाशी बोट फिरवलं आणि निघून गेला. त्याचं तरी काय चुकलं?

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा खांब आला. टण्. एकशेऐंशीच्या एकशेऐंशी चांगले. दुसरा कुणी असता तर कपड्यांनिशी समुद्रात उडी मारली असती. धम्मपाल मटकन खाली बसला. असं होणं शक्यच नव्हतं. शंभरात तीन-चार तडकलेले निघतातच. इतकी वर्षं ठोकतोय, एकदाही सगळेच्या सगळे चांगले निघाले नव्हते. म्हणजे आपला कानच गेला. तडकलेला खांब इथंच कुठंतरी उभा आहे आणि आपल्याला ऐकू येत नाही. तो उठला आणि आल्या वाटेनं पुन्हा ठोकत सुटला. टण्. टण्. टण्. हात भरून आला, घाम फुटला, आणि रस्त्याकडेला टेलिफोनचं बूथ दिसलं तसा त्यानं आत शिरून घरी फोन लावला.

"जेवलास काय रं?" आईनं, शेवंताबाईनं विचारलं.

"आबांस्नी दे आधी."

आबा फोनवर आले आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. जयंती, सही, त्या दोन पोरी, चार गावं. बोलता बोलता त्याला रडू आलं.

"एकशेऐंशी ठोकलं, आबा. एक बी तडकलेला न्हाय. कान गेला बघा माझा."

पलीकडं आबा खाकरले.

"कान बरा हाय तुझा. तडकल्यालं सहा निघालतं. त्या दिशी तुझी हातोडी वाजल्याली ऐकू आली न्हाय, म्हणून तू गेल्यावर ट्रक अडवला आणि समदं मी ठोकून बघितलं. जादा ओतल्यालं हुतं, त्यातलं चांगलं सहा घातलं, मग गाडी सोडली. मिरवणूक संपल्यावर घरला आलो."

धम्मपालनं भिंतीला टेकून डोळे पुसले. हायसं वाटलं आणि मग रागच आला.

"मग तीन वर्सं बोलला का न्हाईसा, आबा?"

"तू कवा सांगतोस, त्येची वाट बघत हुतो."