कोरा कॅट

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारागिराकडे नामांकित जादूगारांनी मोजकेच छापून विकायला काढलेले पत्त्यांचे एकशे चाळीस कॅट जमले होते, सगळे सीलबंद. रविवारी दुपारी शेजारच्या वहिनींनी बेल वाजवली. "भावोजी, पाहुणे आलेत, पत्ते आहेत का हो?" सवयीने त्याच्या तोंडून "नाहीत" निघालं. भिंतीपलीकडे हशा पिकू लागला. त्याला घरात बसवेना. त्याने कपाटातला सर्वांत दुर्मीळ कॅट काढला, मन घट्ट करून नखाने सील फोडलं आणि शेजारची बेल वाजवली. वहिनी दारातच म्हणाल्या, "अगंबाई, मिळाले की वरच्यांकडे! हा कोरा करकरीत कशाला फोडलात?" "पडूनच होता," तो म्हणाला. मलाही खेळायला घ्या, असं ओठांवर आलं होतं, पण आतून हाक आली, "आई, तुझी उतारी!" वहिनी आत वळल्या. दार लागलं. पुढचा डाव संपेपर्यंत तो दाराबाहेर पत्ते पिसत उभा होता.