उजेड हवा, वारा हवा

"बाळंतिणीच्या खोलीत उजेड हवा, वारा हवा!" ओसरीवर येरझारा घालत त्रिंबकराव सभेचं भाषण घोकत होते.

भिंतीआड त्यांची ओली बाळंतीण बायको, सगुणा, तापानं फणफणली होती. सासूनं खिडकीत चिंध्या कोंबल्या होत्या. खाटेखाली शेगडीवर ओवा धुमसत होता.

"तेवढी खिडकी उघडायला सांगावं ना सासूबाईंना," ती आतून खोकत म्हणाली.

"आईच्या शब्दाबाहेर कसं जायचं? आणि खोकू नकोस. पाठ केलेलं विसरायला होतं."

खिडकी उघडली ती तिसऱ्या दिवशी, सगुणाला स्मशानात नेल्यावर. धूर लवकर जाईना.

पुढच्या सभेत तेच भाषण झालं. शेवटी त्रिंबकरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. "माझीच बायको अशी गेली हो! परोपरीनं समजावलं, पण अडाणी बाई. तिनंच खिडकी उघडू दिली नाही."

सभा हळहळली. एका गृहस्थांनी तिथेच आपल्या अकरा वर्षांच्या मुलीचं स्थळ सुचवलं. "असा सुधारक जावई शोधून सापडायचा नाही."

घरी येऊन त्रिंबकरावांनी आईला ते सांगितलं. पाळण्यात आईवेगळी नात रडत होती. आई खिडकीतल्या चिंध्या धुऊन, वाळवून, पुढच्या बाळंतपणासाठी घड्या घालून ठेवत होती.