सतरा नंबर

लेक व्यसनमुक्ती केंद्रातून परतली, तेव्हा शाळेनं तिला दहावीत परत घेतलं, पण एका अटीवर. घरच्या कुणीतरी रोज वर्गात तिच्याशेजारी बसायचं. मग शिंपीकाम करणारे तिचे बाबा सकाळी दुकान बंद ठेवून शेवटच्या बाकावर बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांचे गुडघे बाकात मावेनात, तेव्हा सगळ्यात जास्त तीच हसली होती.

आज बाबा एकटेच आले आणि तिची वही उघडून फळ्यावरचं उतरवू लागले. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"सतरा नंबर?"

"हजर," बाबा उभं राहून म्हणाले.

"अहो, पण ती कुठे आहे?"



"परवापासून शोधतोय, बाई. तेवढी हजेरी लावा. सापडली की परीक्षेला बसायचंय तिला."