मंजुरी

आपण कोडमध्ये केलेला नऊशे ओळींचा बदल, आणि त्याला मोघे सरांची मंजुरी एका मिनिटात? केतकीच्या मनात पाल चुकचुकली. मराठी अक्षरं ओळखणारी ती मोफत सॉफ्टवेअर लायब्ररी दोघं दहा वर्षं आपापल्या घरून सांभाळत होते. चूक काढल्याशिवाय सरांनी एकही आवृत्ती सोडली नव्हती. त्यांचं खातं कुणी चोरलं की काय?

नवी आवृत्ती थांबवून तिनं फोन लावला. अनोळखी बाईंनी उचलला.

“मी मिसेस मोघे. मंजुरी मीच दिली. यांची नजर गेलीये. म्हणाले, केतकीचं काम आहे, देऊन टाक.”

मिसेस मोघेच कशावरून? “सरांना फोन द्या,” तिनं दरडावलं आणि पलीकडे फोन दिल्याची खुडबुड ऐकताच तोच कोड मोठ्यानं वाचू लागली.

तिसऱ्या ओळीला कुणीतरी खाकरलं. “थांब. या व्हेरिएबलला हे कसलं नाव दिलंस? वाचणाऱ्याला काय कळणार, कप्पाळ!”

सरच! डोळे पुसत केतकीनं चौथी ओळ वाचायला घेतली.