निरीक्षकाची सही

आठवडाभर वर्गात मागे बसायचं, बाई शिकवतात ते बघायचं आणि तक्त्यात निरीक्षणं लिहायची, हे आम्हा शिकाऊ शिक्षिकांचं काम. मला जागा मिळाली तिसरीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, एका गप्प मुलीशेजारी.

"काय लिहिता?" तिनं पहिल्याच दिवशी हळूच विचारलं.

"जे दिसतं ते."

दुसऱ्या दिवसापासून तीही लिहायला लागली. शनिवारी बाईंनी तिची वही ओढून घेतली, वाचली आणि तणतणत माझ्यापुढे आपटली.

'बाई पुढच्यांनाच विचारतात. मी सात वेळा हात वर केला. हजेरीला मी दोनदा हजर म्हणाले. बाईंना ऐकू नाही आलं.'

"हे धंदे तुम्हीच शिकवलेत! फाडा ते पान. तुमच्या तक्त्यावर माझी सही लागते, विसरू नका."

माझ्या तक्त्यात मी लिहिलं होतं, 'वर्ग शांत. शिस्त उत्तम.' माझी मलाच लाज वाटली.

पान मी फाडलं, पण माझ्या तक्त्याचं. वहीतलं तिचं पान अलगद सोडवून त्या जागी टाचलं, खाली 'निरीक्षकाची सही' असं लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"सही म्हणजे काय?"

"आपण इथं होतो, हे लिहून द्यायचं."

तिनं एकदा बाईंकडे पाहिलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हजर.'