खोटा पेशंट

किडनीसाठी रांगेत असलेल्या पेशंटांचं ॲप जितेंद्र बनवत होता. प्रत्येक बदलानंतर कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या एका बंदिस्त कप्प्यात, तात्पुरता डेटाबेस उभा करायचा, त्यात खोटे पेशंट भरायचे, चाचणी झाली की सगळं पुसून टाकायचं. त्या खोट्यांमध्ये त्यानं गुपचूप एक खरा माणूस बसवला होता. मनोहरराव, त्याचे बाबा, अगदी रक्तगट आणि फोन नंबरासकट. डायलिसिसवर असलेल्या, छातीत पाणी साचून जिवावर बेतू नये म्हणून पाणीसुद्धा मोजून पिणाऱ्या बाबांना इथं तरी दर वेळी किडनी मिळायची. तेवढ्यावर त्याचा दिवस निभायचा.

आज ॲपमध्ये पेशंटच्या फोनवर मेसेज पाठवायची सोय जोडून त्यानं चाचणी घेतली. चाचणी पास झाली, डेटाबेस पुसला गेला, आणि थोड्या वेळानं कोराडीहून बाबांचा फोन आला.

"जितू, किडनी भेटली म्हणून मेसेज आला गा मले. मी अन् तुई माय बसमधी बसलो. येऊनच राहिलो."

"बाबा, ऐका ना," तो कसाबसा म्हणाला.

"तू ऐक गा पहिले. आता कायले मोजून प्यायचं, म्हणलं. स्टँडवर आख्खी बाटली पाणी पेलो. पोटभर."