खाडीकडचा गोल

सोमवारचं पोस्टकार्ड या वेळी मंगळवारी आलं. ईश्वरीने ते उभ्याउभ्याच वाचलं.

‘शनिवारचा फुटबॉल सारसोळ्याने दोन-एकने जिंकला. निकाल बरोबर, पण कौतुक फार नको. सारसोळ्याचा गोलकीपर घाबरला की ओरडायचा थांबतो, आणि तो गप्प झाला की समजावं, चेंडू आत जाणार. सानपाड्याने पाचनंतर खाडीकडे गोल केला म्हणतात. त्यावर मला मत नाही. रविवारच्या बेसबॉलवर आहे. धनेश पहिल्या बेसवर आउट नव्हता. त्याचा पाय बेसवर आधी, चेंडू ग्लोव्हमध्ये नंतर. मध्ये एक टिचकी वाजेल एवढं अंतर. पहिल्या बेसवर पंचाने डोळे पायावर ठेवायचे असतात आणि कान चेंडूवर. त्या दिवशी पंचाचे कान प्रेक्षकांकडे होते.’

खाली नेहमीसारखं ‘एक शौकीन’. नाव नाही, पत्ता नाही, फक्त नेरूळ पोस्टाचा शिक्का.

फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली ईश्वरी नेरूळच्या एका साप्ताहिकात खेळाचं पान बघायची. गेले चार महिने ही टाइप केलेली कार्डं येत होती आणि लोक ते पान उघडून आधी तीच वाचत. एकदा शेवटच्या दोन ओळी नुसती निरर्थक अक्षरं होती. प्रत्येक अक्षर मशीनवर एक घर उजवीकडे सरकलं होतं. घाईत टाइप केलं असेल, असं म्हणून तिने ते उलगडून छापलं होतं.

दुपारी उशिरा ती कार्ड घेऊन मैदानावर गेली. धनेश एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. तिने त्याला कार्ड वाचून दाखवलं.

“माजा पाय आदी होता, ताई. पन कोन ऐकनार हाय?”

“आणि पंचासमोर हेल्मेट कोणी आपटलं?”

“ते मीच. त्याला नाय बोलत नाय मी.”

हेल्मेटपायी स्पर्धेच्या समितीने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली होती. राज्य संघाची निवड येत्या रविवारी होती. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता. तळोज्यातल्या कारखान्याने खेळाडू म्हणून नोकरी द्यायचं कबूल केलं होतं, पण राज्याकडून खेळलेल्यालाच.

“बाबा बोलतात, होडी हाय ना आपली,” धनेश म्हणाला. “होडी हाय. मासली कुटं हाय?”

पाच वाजले. खाडीकडच्या गोलमागच्या पंपघरात रोजच्या वेळेला मोटार सुरू झाली, तसा त्याने आवाज चढवला. “त्या पोस्टकार्डवाल्याला शोध ना, ताई. त्यानं बरोबर लिवलाय.”

समितीचे जयप्रकाशसर फोनवर सरळ बोलले. “तो खरंच आउट नसेल, तर पंचाची चूक धरून मी बंदी उठवतो. पण पोस्टकार्डावर नाही. त्रयस्थ माणूस आणा, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला. लेखी जबाब आणि सही. शनिवारपर्यंत.”

ईश्वरीने दुसऱ्या दिवशी सकाळीच, डोकं ताजं असताना, सगळी सतरा कार्डं काढली. आलेख कागदावर मैदान आखलं आणि शौकिनाने लिहिलेला प्रत्येक प्रसंग त्यावर वेळेसह टिंबाने मांडला. टिंबं सगळीकडे पडली. फक्त खाडीकडचा गोल, तोही पाचनंतर, कोरा राहिला.

खाडी पश्चिमेला. पाचनंतर ऊन तिकडून तिरपं येतं. म्हणजे माणूस मैदानाच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून बसतो आणि त्या वेळी त्याचे डोळे दिपतात. एकच रविवार या हिशोबात बसेना. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतंच, तरी पाचनंतरचा खाडीकडचा खेळ कार्डात नव्हता. सतरातला एक. तिने तो सोडून दिला.

मैदानाच्या पूर्वेला एकच इमारत होती. शुक्रवारी काम आटोपून ती तिथे पोहोचली, तेव्हा ऊन उतरून गेलं होतं. दुसऱ्या मजल्यावर एका दारामागे टाइपरायटर चालू होता.

तिने बेल दाबली. टकटक थांबली. साठीच्या गृहस्थांनी दार उघडलं. पाटीवर नंदकुमार एवढंच नाव होतं.

“शौकीन आपणच ना?” ईश्वरीने विचारलं. “मी ईश्वरी. तुमची कार्डं मीच छापते.”

ते हसले. “अक्षरं सरकली होती ती नीट करणाऱ्या तुम्हीच का? या. चपला भिंतीला लावून ठेवा, माझ्या पायात येतात.”

खोलीत एक खुर्ची मैदानाकडच्या खिडकीला अगदी खेटून होती. ईश्वरीला बरं वाटलं. आलेख बरोबर होता. तिने धनेशची हकीकत सांगितली, नोकरीची, वयाची, रविवारची; जयप्रकाशसरांना लेखी जबाब हवाय, तेही.

नंदकुमारांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. “पाय आधी होता,” ते म्हणाले. “कुणासमोरही सांगेन. जयप्रकाशसरांना म्हणावं, उलटसुलट हवं ते विचारा. एका टिचकीचा फरक होता.”

“एवढंच हवंय, काका.”

तिने पिशवीतून जबाबाचा कागद काढला. ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिले की,’ अशी त्याची सुरुवात होती. एव्हाना खोलीत अंधारून आलं होतं. तिने कागद आणि पेन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

“एकदा वाचून सही करा. लाइट लावू का?”

“लावा की,” नंदकुमार म्हणाले. “बटण दाराशेजारी आहे. बल्ब चालतो की गेलाय, ते मात्र तुम्हीच बघून सांगा.”